शेगडी बसवायची? आधी जमिनीकडे बघा

बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये एका घरी मला नवी शेगडी 'जरा बघून जा' म्हणून बोलावलं होतं. तीन बर्नरची, काळ्या काचेची, तोंड दिसेल इतकी चकचकीत. घरातले सगळे तिच्याभोवती उभे. मी गुडघ्यावर बसलो आणि कट्ट्याखाली डोकं घातलं. सिलिंडर कोनाड्यात, कोनाड्याला नवंकोरं लाकडी दार, दाराला फट म्हणून नाही. आणि त्या दारापासून दोन हातांवर, जमिनीलगत, देव्हारा. समई तेवत होती. "काकू, देव्हारा इथनं हलवावा लागेल," मी म्हटलं. काकू म्हणाल्या, "का ओ? शेगडी तर वर हाय की."

गेली बावीस वर्षं मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यात शेगड्या दुरुस्त करत फिरतोय, आणि हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. लोक शेगडीकडे बघतात, कारण जाळ तिथे दिसतो. पण स्वयंपाकाचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. गळला की तो वर जात नाही. पाणी सांडल्यासारखा खाली उतरतो, फरशीवरून पसरतो, खोलगट जागा शोधतो आणि तिथे साचून राहतो. मोरी असेल तर मोरीत, कपाट असेल तर कपाटात. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगीचीच वाट असते. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली पातळ करून भरलेला असतो, आणि एक लिटर पातळ गॅस बाहेर आला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो.

म्हणून शेगडी बसवण्याचं काम शेगडीपासून सुरू होत नाही. 'इथे बादलीभर पाणी सांडलं तर ते कुठे जाईल?' हा प्रश्न स्वयंपाकघरात उभं राहून एकदा स्वतःला विचारा. पाणी जिथे जाईल तिथे समई नको, चूल नको, फ्रिज नको, खालच्या उंचीवर प्लगपॉइंट नको.

जागा ठरवताना

सिलिंडर जमिनीच्या पातळीवर, सपाट जागी, उभा. तळघरात कधीही नाही. आडवा तर अजिबात नाही. आडवा पडला की वायूऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरकडे जातो आणि बर्नरवर भडका उडतो. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करून हलवणारे, गरम पाण्याच्या परातीत उभा करणारे मी पाहिलेत. चहाचं एक आधण निघतं त्यातून, एवढ्यासाठी हा खेळ.

शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण दोन फूट उंच, वर रेग्युलेटर. शेगडीचं बूड त्याच्याही वर निदान अर्धा फूट. नेहमीच्या कट्ट्यावर हे आपोआप जमतं. अडचण येते ती जमिनीवर बसून स्वयंपाक करायची सवय असलेल्या घरात. खानापूरकडच्या गावांत अजून काही आज्ज्या शेगडी पाटावर ठेवून, पुढ्यात बसून भाकऱ्या थापतात. त्यांची सवय मोडता येत नाही हे मला कळतं, पण शेगडी खाली आणि सिलिंडर तिच्या बरोबरीने, ही मांडणी चालत नाही. अशा घरी मी दोन फळ्यांचा भक्कम कट्टा करून घ्या म्हणतो आणि आजींना उंच स्टूल द्या म्हणतो. शिव्या खातो.

हवा जायला वाट हवी, आणि ती खाली हवी. खिडकी सगळ्यांकडे असते. खिडकी कामाचीच आहे, पण ती कट्ट्याच्या वर असते आणि गळलेला गॅस कट्ट्याखाली. दाराखालची फट, भिंतीत जमिनीलगत ठेवलेला जाळीचा झरोका, ही गॅसची खरी वाट. आपल्याकडच्या जुन्या मंगळुरी कौलांच्या घरांत हा प्रश्नच नव्हता. दारं पुरती लागत नव्हती, कौलांतून उजेड दिसायचा, वारा हवा तसा फिरायचा. आता स्लॅब आला, सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, दाराखाली रबरी पट्टी आली. त्यात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर चार महिने घर डबीसारखं बंद. गळतीचा वास आला म्हणून मला येणारे फोन पावसाळ्यातच जास्त असतात. नळ्या पावसात जास्त फुटतात असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात जे वाऱ्याने निघून जातं ते पावसात घरात राहतं, एवढंच. पाऊस कितीही असो, स्वयंपाक चालू असताना एक झडप उघडी ठेवा.

सिलिंडर कट्ट्याखाली कपाटात ठेवायचाच असेल तर दाराला खाली आणि वर दोन्हीकडे जाळी किंवा मोठी भोकं पाडून घ्या. सुतार नाक मुरडतो, 'शो' जातो म्हणतो. त्याला सांगा की खालची भोकं तळफळीला अगदी चिकटून हवीत. चार इंच वर पाडली तर तळाशी चार इंच गॅस साचायला जागा राहतेच. एका स्वयंपाकघरात दोन सिलिंडर ठेवायचे तर खोली निदान दहा चौरस मीटरची हवी, म्हणजे साधारण एकशे आठ चौरस फूट. त्याहून लहान असेल तर भरलेला दुसरा सिलिंडर टोपण लावून हवेशीर जागी ठेवा. जिन्याखालच्या बंद खोपटात ठेवू नका.

वास्तूबद्दल दोन शब्द, कारण दर दुसऱ्या घरात तो विषय निघतो. शेगडी आग्नेयेला आणि तोंड पूर्वेला, यावर माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या हट्टापायी शेगडी नेमकी खिडकीखाली किंवा दाराच्या झोतात बसवण्याला. बेळगावचा वारा कसा आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मंद जाळावर दूध ठेवलंय, वाऱ्याने बर्नर विझला, कुणी बघितलं नाही, आणि गॅस येतोच आहे. पडदाही तिथेच फडफडत असतो. आग्नेय कोपऱ्यात शेगडी चार वीत इकडे-तिकडे सरकवली तर अग्निदेव रागावत नाही.

कनेक्शनचे कागद, आणि आपली सरहद्द

हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्या भागात तो टाळता येत नाही. चंदगड, गडहिंग्लज, कागल तिकडे महाराष्ट्रात आणि बेळगाव, निपाणी, खानापूर इकडे कर्नाटकात. माणसं कामाला, शाळेला, लग्नाने ये-जा करतात आणि सिलिंडरही गाडीच्या डिकीत घालून सोबत आणतात. गावाकडच्या नावावरचा सिलिंडर बेळगावातल्या वडगावच्या भाड्याच्या खोलीत वापरतात. तेल कंपन्यांनी अपघातासाठी उतरवलेला विमा नोंदणी केलेल्या ग्राहकासाठी असतो, आणि घराच्या नुकसानीची भरपाई मिळते ती नोंदलेल्या पत्त्यावर अपघात झाला तरच. सिलिंडर एकीकडे नोंदलेला आणि स्फोट दुसरीकडे, मग कुणाच्या दारात उभं राहणार?

गाव बदललं की जुन्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करायचे, अनामत परत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जुनं कनेक्शन बंद झाल्याचा कागद, मागून घ्यायचं. ते नव्या गावातल्या वितरकाला दाखवलं की तो नवं सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे नव्या कनेक्शनचा कागद, देतो. राज्य बदललं म्हणून वेगळा नियम नाही. कागद कानडीत आला तर घाबरू नका. ग्राहक क्रमांक, पत्ता आणि सिलिंडरची संख्या एवढं तिथेच वाचून घ्या, नाहीतर काउंटरवरच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. तो वाचतो. आपण विचारत नाही.

नवीन कनेक्शन वितरकाचा माणूसच जोडतो. पुढे जे सांगतोय ते तो जोडत असताना तुम्ही काय बघायचं, आणि नंतर दर सिलिंडरला तुम्ही स्वतः काय करायचं, यासाठी. गॅसची शेगडी उघडून जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बदलणं, तांब्याची किंवा लोखंडी पाइपलाइन टाकणं ही घरी हात घालायची कामं नव्हेत.

काय विकत घ्यायचं

शेगडीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४२४६ हा आकडा हवा. या भारतीय मानकानुसार शेगडीची उष्णतेची कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते. आठवडी बाजारात गाडीवर मिळणारी बिनशिक्क्याची शेगडी स्वस्त असते; तिचा बर्नर पातळ पत्र्याचा, दोन वर्षांत वाकडा होतो. काच की स्टील, हे तुमच्या मनावर. मला विचाराल तर ज्या घरात रोज मोठी पातेली चढतात, भाकरी थेट जाळावर फुलवतात आणि पोरं धावतात, तिथे स्टीलच बरी. काच पुसायला सोपी, पण जड कुकर आपटला की मालकीणबाई आधी काचेकडे बघतात, मग भाताकडे.

रेग्युलेटर आणि नळी मात्र बाजारातून 'मिळाली म्हणून' घेऊ नका. रेग्युलेटर वितरकाकडून मिळतो. सिलिंडरमधला मोठा दाब तो उतरवून बर्नरला झेपेल इतका करतो. तो बिघडला की शेगडीत काही दोष नसतानाही जाळ वेडावाकडा होतो. रेग्युलेटर खोलून दुरुस्त करणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. रेग्युलेटर बदलायचा असतो.

नळीवर जरा थांबू

माझ्या हातून गेलेल्या गळत्यांत निम्म्याहून जास्त नळीच्या होत्या. शेगडीला आठ हजार घालणारा माणूस नळी मात्र जुनीच लावतो.

आता वापरायची ती केशरी रंगाची सुरक्षा नळी. आत पोलादी तारांचं जाळं असतं, त्यामुळे उंदीर सहज कुरतडू शकत नाही आणि लवकर चिरत नाही. पूर्वीची हिरवी साधी रबरी नळी अजून कुठे दिसलीच तर ती आजच काढा. सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं. तिच्यावर तयार झाल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं. ते पुसट होतं, म्हणून मी प्रत्येक घरी कोनाड्याच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलने 'नळी बदला' आणि पुढचं वर्ष लिहून येतो. पाच वर्षं हा बाहेरचा आकडा आहे. टोक कडक झालं, वाकवल्यावर भेगा दिसल्या, कुठे फुगवटा आला, तर दुसऱ्याच वर्षी बदला.

लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. 'सिलिंडर बाहेर व्हरांड्यात ठेवतो, दोन नळ्या जोडून आत घेतो' असं म्हणणारे खूप आहेत. बाहेर सिलिंडर ठेवण्याची कल्पना चांगलीच आहे. फक्त त्यासाठी भिंतीतून पक्की पाइपलाइन वितरकाच्या माणसाकडून टाकून घ्यावी लागते. दोन नळ्यांमध्ये पितळी जोड घालून क्लिप आवळली की तिथे गळतीची जागा आपण स्वतःच तयार केली. तीच गोष्ट टी-जोडाची. एका सिलिंडरवर दोन शेगड्या चालवायला टी बसवतात, एक शेगडी माडीवर नेतात. नको.

नळी शेगडीच्या मागून, बर्नरच्या उष्णतेपासून लांब, सैल लोंबेल अशी जायला हवी. ताणलेली नको, दुमडलेली नको, ड्रॉवरच्या मागे चेपलेली नको. कट्ट्याच्या दगडाला भोक पाडून नळी खाली नेणार असाल तर त्या भोकाच्या कडा हाताने चाचपून बघा. इलकलचा ग्रॅनाइट बाहेरून कितीही पॉलिश केलेला असला तरी भोकाची कड करवतीसारखी राहते. गवंड्याकडून घासून घ्या, नाहीतर भोकात प्लास्टिकचा छोटा कॉलर बसवा. नळी झाकायची नाही, रंगवायची नाही, तिच्यावर सजावटीचं कापड गुंडाळायचं नाही. ती दिसली पाहिजे.

जोडणी

सिलिंडर दारात आला की आधी घेणाऱ्याचं काम. वरचं सील आणि दोऱ्याने बांधलेलं टोपण शाबूत हवं. वजनकाटा आणणाऱ्याकडे असतो, मागा: सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. मग वरच्या कड्याला उभ्या असलेल्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे दिसतील, उदाहरणार्थ बी-२८. ही त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे बी-२८ ची मुदत जून २०२८ ला संपते. मुदत गेलेला सिलिंडर परत करा, तो तुमचा हक्क आहे. याला गॅसची 'एक्सपायरी' म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरवतात. गॅस काही शिळा होत नाही, तपासणी लोखंडाची आणि व्हाल्वची असते.

टोपण काढल्यावर व्हाल्वच्या तोंडात डोकावा. आत एक काळी रबरी वळी दिसली पाहिजे. ती नसेल किंवा तुटकी असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवा, गळणारच. आणणारा माणूस दारात असतानाच त्या तोंडात दोन थेंब साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले किंवा फुस्स आवाज आला तर टोपण परत लावून तो सिलिंडर तिथल्या तिथे बदलून घ्या. "मागच्यांनी कुणी असं बघितलं नाही ओ," असं तो म्हणेल. म्हणू दे.

आता घरातली समई, उदबत्ती, मागची चूल, सगळं विझवा. शेगडीचे सगळे कान, म्हणजे फिरवायच्या कळा, बंद. नळीचं एक टोक शेगडीच्या नळकांड्यावर, दुसरं रेग्युलेटरच्या. नळकांड्यावर खाचा असतात. शेवटची खाच झाकेपर्यंत नळी आत ढकलायची. जात नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, मऊ पडतं. काडी ओढून जाळावर धरणारे मेकॅनिकही मी पाहिलेत. तसं केलं की टोक तिथेच म्हातारं झालं. तेल किंवा तूपही लावू नका. क्लिप लावायची का, ते शेगडीच्या पुस्तिकेत बघा; पण सैल बसलेली नळी क्लिपने घट्ट होते हा भ्रम आहे. उलट जास्त आवळलेली क्लिप रबर कापते.

रेग्युलेटरचा कान 'ऑफ'वर आहे ना ते बघा. रेग्युलेटरच्या खालची काळी वळी (व्हाल्वमधली रबरी नव्हे) बोटांनी वर उचलून धरा, रेग्युलेटर व्हाल्ववर सरळ ठेवा, थोडा डावी-उजवीकडे हलवत खाली दाबा आणि वळी सोडा. 'टक्' असा आवाज येतो. मग रेग्युलेटर धरून वर ओढून बघा. निघाला तर बसलाच नव्हता. हातोडी, पाना, दगड यांतलं काही लागत नाही. लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

साबणाचं पाणी आणि दहा मिनिटं

वाटीत भांड्यांचा साबण फेस येईल इतका कालवा. रेग्युलेटर 'ऑन' करा, शेगडीचे कान बंदच ठेवा. ब्रशने किंवा बोटाने फेस चार ठिकाणी लावा: सिलिंडर-रेग्युलेटर, रेग्युलेटर-नळी, नळी-शेगडी आणि शेगडीच्या प्रत्येक कानाची मुळं. दोन मिनिटं टक लावून बघा. फेस आपोआप विरत गेला तर ठीक. एकाच जागी छोटा बुडबुडा फुगतोय, फुटतोय, पुन्हा फुगतोय, ही गळती. रेग्युलेटर बंद, जोड पुन्हा, फेस पुन्हा. काडी पेटवून गळती शोधायची पद्धत अजून जिवंत आहे, म्हणून लिहावं लागतं: काडी नाही, लायटर नाही.

फेसाने काही सापडलं नाही तरी एक चाचणी मी हमखास करतो. रेग्युलेटर 'ऑन', मिनिटभर थांबा, मग 'ऑफ'. आता नळीत थोडा गॅस अडकलेला आहे. दहा मिनिटं काही करू नका, चहा प्यायचा तर शेजारी जाऊन प्या. परत येऊन एक बर्नर पेटवा. नळीतल्या गॅसवर काही क्षण जाळ दिसला आणि विझला, तर जोड घट्ट आहेत. पेटलाच नाही, तर गॅस दहा मिनिटांत कुठेतरी पळालाय. कान लगेच बंद करा आणि पुन्हा फेस. फेसाला न सापडलेली एक बारीक गळती मला याच चाचणीने सापडली होती, कानाच्या आतल्या ग्रीस वाळलेल्या फिरकीत.

जाळ वाचता येतो

पहिल्यांदा पेटवताना, आपोआप पेटणारी शेगडी नसेल तर आधी लायटर, मग कान. उलटं केलं की भपका येतो. जाळ निळा, आतला सुळका गडद निळा, आवाज मंद. टोकं पिवळी पडली, भांड्यांची बुडं काळी होऊ लागली, तर हवा पुरेशी मिसळत नाही. बहुतेक वेळा बर्नरची भोकं बुजलेली असतात, कारण दूध उतू गेलेलं असतं. बर्नर गार झाल्यावर काढा, भोकं पिनेने मोकळी करा, उलटा आपटून पाणी काढा, पूर्ण वाळवून बसवा. जेटच्या बारीक भोकात मात्र पिन घालू नका. ते मोठं झालं की जाळ कायमचा बिघडतो. जाळ बर्नरवरून सुटून उडतोय, फर्रफर्र आवाज करतोय, तर हवा जास्त आहे. ते जुळवणं मेकॅनिकचं काम.

मंद जाळही बघा. कान अगदी बारीक करून ताटलीने वारा घाला. विझता कामा नये. आपल्याकडे घरी दुधाचा कुंदा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तासभर आटवायचं म्हणजे बारीक जाळ खात्रीचा हवा. म्हणूनच नवी शेगडी घेणाऱ्यांना मी जाळ विझला की गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेली घ्या म्हणतो. थोडी महाग पडते. म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर तो खर्च आधी करा, काच नंतर.

दगडात बसवायचा हॉब

दगड कापायची घाई करू नका. हॉब, म्हणजे कट्ट्याच्या दगडात बसवायची शेगडी, घरात आल्यावर, त्याच्या पेटीतला कागदी साचा दगडावर ठेवून, मगच कापा. दुकानातल्या फोटोवरून माप घेतलेले कट्टे मी पाहिलेत. एक सेंटिमीटर जास्त कापलं की हॉब खाली झोपतो. कोपरे काटकोनात कापायचे नाहीत, थोडे गोल ठेवायचे, नाहीतर ग्रॅनाइटला तिथूनच चीर जाते. कड आणि भिंत यांच्यापासून किती अंतर, चिमणी किती उंच, हे पुस्तिकेप्रमाणे. हॉबच्या खाली कपाट असेल तर तिथे कपाटासाठी आधी सांगितलेलाच जाळीचा नियम. आणि हॉब सिलिकॉनने चिकटवून टाकू नका. सोबत आलेली पट्टी लावा, म्हणजे उद्या नळी बघायला तो उचलता येतो.

पाइपचा गॅस आला तर

बेळगाव शहरात काही भागांत आता पाइपने गॅस येतो. हा वेगळा गॅस आहे, मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला की छताकडे जातो, म्हणजे वर सांगितलेली झरोक्याची बात उलटी: हवेची वाट वर हवी. सिलिंडरवरची शेगडी तशीच पाइपला जोडायची नाही, जेट बदलावे लागतात. ते गॅस देणाऱ्या कंपनीचा माणूस करतो. बदललेली शेगडी पुन्हा सिलिंडरवर लावाल तर हातभर जाळ निघेल. गणपतीला गावाकडे न्यायला ती शेगडी काढू नका.

गीझर आणि जत्रा

शेगडीसोबत लोक दोन गोष्टी विचारतात. पहिली, गॅस गीझर. थंडीत पाणी लवकर तापतं म्हणून तो न्हाणीघरात बसवतात, दार-खिडकी बंद करून अंघोळ करतात. बंद जागेत जळणारा गॅस प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस खाली बसतो तो उठत नाही. सिलिंडरचा गॅस गळला की वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. या विषाला तेवढीही चाहूल नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत. आत नाहीच.

दुसरी, गावची जत्रा. पाहुणे चाळीस, म्हणून भट्टीची मोठी शेगडी आणतात आणि घरच्या सिलिंडरला, घरच्या नळीने जोडतात. ती शेगडी जास्त दाबाची असते, तिला वेगळा रेग्युलेटर आणि व्यावसायिक सिलिंडर लागतो. ती लावायची तर अंगणात, मांडवाच्या कापडापासून लांब, आणि राखायला एक शुद्धीतला माणूस.

वास आला तर

दिवा लावू नका, लागलेला असेल तर बंदही करू नका. बटण दाबताना ठिणगी दोन्ही वेळा उडते. फ्रिजचा प्लग ओढू नका. हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद, काढून टोपण लावा. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, खालचा गॅस सुपाने किंवा पुठ्ठ्याने दाराकडे लोटा. वास दाट असेल तर हे काही न करता नुसते बाहेर पडा. मोबाइल घराबाहेर गेल्यावरच काढा. गॅस गळतीसाठी १९०६, चोवीस तास. आग लागली तर १०१ किंवा ११२.

पलीकडून कानडीत बोललं तर आपली माणसं गडबडतात, आणि त्या गडबडीत पत्ता सांगायचा राहतो. मी घरोघरी एक चिठ्ठी दाराच्या आत चिकटवायला सांगतो. त्यावर १९०६, ग्राहक क्रमांक, घराचा पत्ता, जवळची खूण, आणि मोठ्या अक्षरांत कानडीतली एक ओळ: 'गॅस लीक आगाकत्तैति, लगू बर्री.' म्हणजे, गॅस गळतोय, लवकर या. येळ्ळूरच्या काकूंच्या नातीने ती चिठ्ठी खडूने रंगवलीय, चारी कोपऱ्यांना फुलं काढलीत. देव्हारा आता पुढच्या खोलीत आहे.